जावईबापूंची उंची

जावईबापू उंचावरची घरं विकत. तळमजला, पहिला मजला असलं किरकोळ काम ते ऑफिसातल्या बाकीच्यांकडे ढकलत आणि स्वतः आठव्या मजल्याच्या वरचंच गिऱ्हाईक घेत. "खाली राहतात ती माणसं," ते म्हणत, "आणि वर राहतात ती मोठी माणसं." अंगात कोट, पायात चकाकते बूट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. आणि 'व्ह्यू' हा शब्द तर असा उच्चारायचे, की जणू समोरचं आभाळही कंपनीनेच बांधलंय आणि लवकर बुकिंग केलं तर त्यातही सवलत मिळेल.

या माणसाला उंचीची भीती होती.

साधीसुधी नव्हे. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी उभं राहायची वेळ आली तरी ते जवळचा पडदा दोन्ही हातांनी धरून ठेवायचे. पण विकणारा माणूस तो, त्याने आपली भीतीसुद्धा कामाला लावली होती. गिऱ्हाइकाला घेऊन ते लिफ्टने वर जात. चारी बाजूंनी बंद लिफ्टचं त्यांना काही वाटत नसे. वर गेल्यावर घराचं दार उघडत आणि स्वतः उंबऱ्यातच थांबत. "तुम्ही पुढे व्हा," ते आवाज खाली आणून म्हणत, "हा क्षण तुमचा आहे. मी मध्ये येणार नाही." गिऱ्हाईक एकटंच बाल्कनीत जायचं, वारा खायचं, गहिवरायचं आणि परत येऊन सही करायचं. एवढा समंजस एजंट लोकांनी पाहिला नव्हता.

स्वतः ते पहिल्या मजल्यावर राहत. कोणी विचारलंच तर, "चप्पल कोण स्वतःच्या दुकानातून घेतं?" असं काहीतरी बोलून हसत. समोरच्यालाही ते फारसं समजत नसे, पण तोही हसे.

खरी गोष्ट एकट्या बायकोला माहीत होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. कोणाला काय दिसत नाही हे हुडकण्यातच तिचा दिवस जायचा, त्यामुळे नवऱ्याचं कोडं तिला लग्नानंतर महिन्याभरातच सुटलं. तिने एकदा, अगदी सहज, विचारलंही होतं. "भीती?" जावईबापू म्हणाले होते. "मला? अगं, मी उंचीचा आदर करतो." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. त्यांनी कधीतरी आपणहून सांगावं, एवढीच तिची अपेक्षा होती.

तिच्या माहेरी दोनच माणसं होती, आई आणि धाकटा भाऊ. भाऊ दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचा. मेणात दात बसवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा, आणि कोणा अनोळखी म्हाताऱ्याला चावताना कुठे टोचेल याची काळजी करत जेवायचा. बोलायला कमी, विश्वासाला जास्त. त्याने भावोजींच्या शब्दावर गावाबाहेरच्या एका नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर घर बुक केलं होतं. इमारत उभी राहत होती. ती बरेच दिवस उभी राहत होती. विचारलं की भावोजी म्हणायचे, "अरे, पाया कसा घातलाय बघ तरी! अशा कामाला वेळ लागतो." तिथलं काम पत्र्याच्या उंच कुंपणाआड चाललेलं, शिवाय मेहुण्याला सुट्टी एकच, रविवारी, आणि रविवारी तिथला रखवालदार लोकांना, इमारत दिसायच्या आधीच, मुख्य रस्त्यावरून परत पाठवी.

अशात शहराच्या मधोमध नवा मनोरा खुला झाला.

मनोरा म्हणजे एक लांबलचक काँक्रीटचा खांब आणि त्याच्या टोकाला काचेची गोल गॅलरी. वर जाऊन शहर बघायचं, फोटो काढायचे, खाली यायचं. सगळं शहर तिकडे लोटलं. चष्म्याच्या दुकानात, दातांच्या प्रयोगशाळेत, जिन्यात, रांगेत, जो तो विचारायचा, "जाऊन आलात का?" न गेलेल्या माणसाकडे लोक असं बघत, की याच्या घरी काही दुःखाची गोष्ट तर घडली नाही ना.

एका रविवारी चहाच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "मला वर जायचंय."

सासूबाई सरकारी दवाखान्याच्या नोंदणी खिडकीत बसून निवृत्त झालेल्या. कोणाचं पोट खरं दुखतंय आणि कोणाला नुसती सुट्टीची चिठ्ठी हवी आहे, हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. त्या फार बोलत नसत. फक्त चष्म्याच्या वरून बघत.

"जाऊया की," मेहुणा म्हणाला. "तिथून आपली इमारतपण दिसेल. दुर्बिणी लावल्यात म्हणे. कुठवर काम आलंय ते कळेल. हो ना, भावोजी?"

जावईबापूंचं बिस्किट चहात पडलं.

"उत्तम!" ते म्हणाले. "झकास कल्पना! सगळं माझ्यावर सोडा. नियोजन मी करतो."

यात त्यांची चूक काही नव्हती. दुसऱ्याच्या हातात दिलेला बेत पार पडण्याचा धोका असतो. आपल्या हातात असला की काळजी नाही.

त्यानंतरचे रविवार नियोजनात गेले. पहिल्या बैठकीत ठरलं की सकाळी जायचं. दुसऱ्या बैठकीत जावईबापूंनी सांगितलं की सकाळी हवा धुरकट असते, पैसे देऊन धूर कशाला बघायचा? मग संध्याकाळ ठरली. तर संध्याकाळी सूर्य डोळ्यांवर येतो आणि आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे.

"ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली," बायको म्हणाली. "मीच नेलं होतं."

"डोळा तो डोळाच, अगं. तू या क्षेत्रातली असून असं बोलतेस?"

मग दुपार ठरली. दुपारी शाळांच्या सहली असतात. सहली संपल्या तर वाऱ्याचे दिवस आले, आणि जावईबापूंनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की वाऱ्यात मनोरा हलतो. तो हलण्यासाठीच बांधलेला असतो, हलला नाही तर मोडतो, हे शास्त्र आहे. पण म्हाताऱ्या माणसाला शास्त्र कोण समजावणार?

"मला समजलं की," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात ते लॅपटॉप घेऊन आले आणि बैठकीच्या खोलीत भिंतीवर चित्रं दाखवली. जगातले उंच मनोरे, त्यांचे पाये, त्यांच्या लिफ्ट. मधेच एक लिफ्ट कुठेतरी अडकल्याची बातमी. ती चुकून आली, असं ते म्हणाले, आणि बराच वेळ चुकूनच ठेवली. शेवटी त्यांनी एक थोर पर्याय सुचवला. मनोऱ्याच्या पायथ्याशी छानसं उपाहारगृह आहे. तिथे बसून वर बघायचं. "खरं सौंदर्य," ते म्हणाले, "खालूनच दिसतं."

"काय गं ताई," मेहुणा बहिणीच्या कानात पुटपुटला, "भावोजींना आपल्याला न्यायचं नाही का? काही लपवतायत का?"

ताई नवऱ्याकडे बघत राहिली. ते वायर गुंडाळत होते. "विचार ना त्यांनाच," ती म्हणाली.

विचारायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई सकाळी उठून बसने गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि चार तिकिटं घेऊन आल्या. आयुष्यभर रांगेच्या पलीकडे बसल्यावर अलीकडे उभं राहायला त्यांना मजा वाटली असावी. फोनवर जावयाला त्या एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, रविवारी अकरा वाजता. तुमचं नियोजन फार सुंदर होतं. आता चला."

रविवारी जावईबापू कोट घालून, ओळखपत्रासकट आले. ओळखपत्र कशाला, असं बायकोने विचारलं, तर म्हणाले, "अपघात झाला तर ओळख पटायला हवी." हा त्यांच्या मते विनोद होता.

मनोऱ्याच्या लिफ्टला तीन बाजूंनी काच होती, हे त्यांच्या सगळ्या अभ्यासातून कसं निसटलं कोणास ठाऊक. दार लागलं आणि शहर पायाखालून सरकायला लागलं. जावईबापूंनी डोळे मिटले ते लिफ्ट थांबेपर्यंत उघडले नाहीत. शेजारच्या एका बाईंना ते प्रार्थना करतायत असं वाटलं. त्यांनीही आदराने मान खाली घातली.

वर गॅलरी गोल होती. बाहेरच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच आणि मध्ये जाड गोल भिंत. जावईबापू लिफ्टमधून निघाले ते थेट त्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले, तळहात दोन्ही बाजूंना भिंतीवर सपाट. कपाळावर घाम. चेहऱ्यावर मात्र विक्रीचं हसू, कारण ते आता काढता येण्यातलं राहिलं नव्हतं.

कोट, ओळखपत्र आणि ते हसू बघून एक जोडपं जवळ आलं. "साहेब, नदी कुठल्या बाजूला?"

"त्या बाजूला," जावईबापूंनी हनुवटीने दाखवलं. त्या बाजूला स्वच्छतागृह होतं.

"आणि जुना किल्ला?"

"त्याच्याच मागे."

जोडपं आभार मानून गेलं. मग एक कुटुंब आलं, मग आणखी एक. पाहता पाहता त्यांच्यापुढे छोटीशी गर्दी जमली आणि जावईबापू, ज्यांनी काचेच्या दिशेला अजून एकदाही पाहिलं नव्हतं, शहराचं वर्णन करू लागले. आवाजात कंप होता. लोकांना तो शहराबद्दलचा जिव्हाळा वाटला. त्यांनी पश्चिमेला उगवणारा सूर्य सांगितला, बंदर डोंगरावर नेऊन ठेवलं, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांचं स्वतःचं घर दाखवलं. गृहस्थ म्हणाले, "पण मी तर परगावचा." जावईबापू म्हणाले, "म्हणूनच ते इतकं लांब दिसतंय."

तिकडे मेहुण्याला दुर्बीण मिळाली होती. आधी त्याने आईला दाखवलं, मग स्वतः डोळा लावला. गावाबाहेरचा रस्ता सापडला, पाण्याची टाकी सापडली, पत्र्याचं निळं कुंपण सापडलं. कुंपणाच्या आत इमारत होती. पूर्ण झालेली. रंग लावलेली. चार मजल्यांची.

त्याने दुर्बीण पुसली. पुन्हा बघितलं. चौथ्या मजल्यावर गच्ची होती, गच्चीला कठडा होता, कठड्याच्या आत पाण्याच्या टाक्या बसवल्या होत्या, आणि एका टाकीवर कोणा कामगाराने शर्ट वाळत घातला होता. मेहुण्याचं घर अकराव्या मजल्यावर होतं. त्याने दुर्बीण जरा वर करून, साधारण अकरावा मजला जिथे यायला हवा तिथे बघितलं. तिथे एक घार फिरत होती.

"भावोजी!" तो ओरडला. "इकडे या!"

"तुम्ही बघा ना," भिंतीकडून आवाज आला. "हा क्षण तुमचा आहे."

"क्षण गेला खड्ड्यात! इमारत चार मजल्यांवर संपलीय! या, बघा!"

गर्दी वळून बघायला लागली. जावईबापूंनी मनातल्या मनात मोजलं. चार मजले? त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते त्या जागेवर जात, पण कुंपणाच्या फाटकापर्यंतच, आणि उंच इमारतीकडे खालून वर बघितलं तरी त्यांना गरगरायचं, म्हणून ते नेहमी पायाच बघत.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "टप्प्याटप्प्याने बांधतात."

"टाक्या बसवल्यात वर! टाक्यांवर मजले बांधतात का?" मेहुणा आता त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला होता. कवळीचा एक दात टोचला तरी रात्रभर न झोपणारा तो साधा माणूस लालबुंद झाला होता. "म्हणून आणत नव्हता आम्हाला वर. धूर काय, वारा काय, सहली काय! तुम्हाला सगळं ठाऊक होतं. घरच्याच माणसाला टोपी घातलीत?"

आता जावईबापूंपुढे दोनच वाटा होत्या. 'मला काही ठाऊक नव्हतं, मी घाबरट आहे, मी आजवर एकदाही वर बघितलेलं नाही,' असं म्हटलं तर फसवणुकीचा डाग पुसला जात होता. गप्प राहिलं तर अब्रू शाबूत राहत होती. निदान त्यांच्या हिशेबाने. त्यांनी गर्दीकडे बघितलं. गर्दीत मघाचं जोडपं होतं, म्हातारे गृहस्थ होते. सगळे अजूनही त्यांना शहराचा जाणकार समजत होते.

"धंद्यात," ते म्हणाले, "काही गोष्टी सांगायच्या नसतात."

म्हणजे लबाड म्हटलेलं चालेल, भित्रा नको! मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने दोन पावलं पुढे टाकली.

"खोटं बोलतायत ते," ती भावाला म्हणाली. "यांना काही ठाऊक नव्हतं. हे घाबरतात. उंचीला. आज नाही, पहिल्यापासून."

"काहीतरीच!" जावईबापू म्हणाले. "मी सगळं जाणून होतो. मी पक्का आहे या धंद्यात."

"आता बघा बाई," गर्दीतली एक म्हणाली, "चोर आपणहून कबूल होतोय आणि बायको सोडवतेय."

सासूबाई आता जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्या जावयाला चष्म्याच्या वरून वरपासून खालपर्यंत बघत होत्या, जसं त्या खिडकीतून बघत. घाम, पांढरे पडलेले ओठ, भिंतीला चिकटलेले हात. "यांचं खरं दुखतंय," त्या लेकाला म्हणाल्या. "सोंग नाही हे."

आणि तेव्हा कळलं की खाली जायची लिफ्ट गॅलरीच्या पलीकडच्या टोकाला आहे. वर यायची वेगळी, खाली जायची वेगळी. मधल्या वाटेत जमिनीलाच काच बसवलेली. लोक तिच्यावर झोपून फोटो काढत होते.

जावईबापू म्हणाले, "मी इथेच थांबतो."

"किती वेळ?" बायकोने विचारलं.

तिने गळ्यातली ओढणी काढली. "डोळे बांधते, हाताला धरून नेते. पण आधी तोंडाने म्हणा."

"काय म्हणू?"

"जे आहे ते."

"अगं, चारचौघांत…"

"चारचौघांत तुम्ही चोर व्हायला तयार झालात. मला चोराची बायको करून टाकलंत. त्यापेक्षा हे स्वस्त आहे."

जावईबापूंनी डोळे मिटले. ओठ हलले, काही ऐकू आलं नाही. तिने ओढणी हातात तशीच धरून ठेवली. मग ते म्हणाले, आणि या वेळी जरा जास्तच जोरात, "मला भीती वाटते! मला फार भीती वाटते! मी एकाही बाल्कनीत गेलेलो नाही!"

कोणी हसलं नाही, असं सांगायला आवडलं असतं. पण लोक हसले. म्हातारे गृहस्थ तर दुर्बिणीच्या दांड्याला धरून हसले. बायको हसली नाही. तिने डोळ्यांवर ओढणी बांधली, हात धरला आणि काच सुरू झाली तिथे सांगितलं, "आता काच आहे." त्याबरोबर जावईबापू चार पायांवर आले आणि कोटासकट रांगत पलीकडे गेले. काचेवर झोपलेल्या एका मुलीला त्यांनी वाटेत "माफ करा" म्हटलं. मेहुणा मागून त्यांचा एक निसटलेला बूट घेऊन आला.

खाली जमिनीवर पाय लागले आणि जावईबापूंच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "वारा फार होता आज," ते म्हणाले. बायको बसच्या थांब्याकडे एकटी चालायला लागली.

सोमवारी दातांच्या प्रयोगशाळेतून सुट्टी काढून मेहुणा बांधकाम कंपनीच्या ऑफिसात गेला. सासूबाई बरोबर गेल्या आणि जावईबापूंनाही यावंच लागलं. कंपनीचा मालक गोड माणूस होता. वरच्या मजल्यांना परवानगी मिळाली नाही, तो म्हणाला, पण ही गोष्ट आम्ही लपवली नाही. सगळ्या एजंटांना चौथ्या मजल्याच्या गच्चीवर बोलावून चहा देऊन समजावलं. "तुम्ही मात्र खालीच थांबलात," तो जावईबापूंना म्हणाला. "महत्त्वाचा फोन आला होता ना तुम्हाला? दोन तास चालला होता."

सासूबाईंनी जावयाकडे बघितलंही नाही. मालकाकडे बघितलं. "आणि ज्यांनी घर घेतलं त्यांना का नाही बोलावलंत चहाला?" त्यांनी विचारलं. मालक मधाळ बोलत राहिला. सासूबाई हलल्या नाहीत. खिडकीपाशी तासन् तास बसायची सवय त्यांना होती. दुपारपर्यंत मेहुण्याचं बुकिंग रद्द झालं आणि पैसे परत मिळाले.

जावईबापूंनी त्यानंतर उंचावरची घरं विकणं सोडलं. त्यांचं मन बदललं असं समजू नका. मनोऱ्यावरच्या त्या जोडप्याने रांगतानाचा फोटो काढला होता आणि ओळखपत्रावरच्या नावामुळे तो ऑफिसात पोचला होता. आता ते तळमजल्याची घरं विकतात, अंगणासकट. "वर काय आहे हो?" ते गिऱ्हाइकाला सांगतात. "वारा आणि कबुतरं. माणसाचं नातं जमिनीशी पाहिजे." आणि सांगायला वाईट वाटतं, पण धंदा पूर्वीपेक्षा बरा चाललाय. बायको घरी त्यांच्याशी बोलते, पण मोजकं, गिऱ्हाइकाला 'ही ओळ वाचा, आता ही वाचा' म्हणावं तसं.

मेहुण्याने मग टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर एक जागा भाड्याने घेतली. या वेळी त्याने स्वतः जाऊन नळ उघडून बघितले, दारं लावून बघितली, भिंतीला कान लावला. राहायला गेल्यावर सगळ्यांना चहाला बोलावलं. जावईबापूंना बोलवावं का, यावर मायलेकरांत थोडी बोलाचाली झाली. शेवटी बोलावलं.

ते जिन्याच्या भिंतीला खांदा घासत वर आले. स्वयंपाकघरात दाराजवळची खुर्ची धरून बसले. चहा झाला. मग जुन्या सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "व्ह्यू काय आहे?"

मेहुण्याने कप खाली ठेवला. "उठून बघा," तो म्हणाला.

खिडकी चार पावलांवर होती. खाली कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. जावईबापूंनी बायकोकडे बघितलं. तिने बघितलं नाही, पण रिकामे कप गोळा करायचं थांबवलं. ते उठले. दोन पावलं गेले, टेबलाची कड पकडली, आणि तिथेच थांबले.

"इथूनच बघतो," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "पुढे मला भीती वाटेल."

"बरं," मेहुणा म्हणाला, आणि त्याने किटली पुन्हा गॅसवर ठेवली.